पंधरा वर्षांचा कर पहिल्याच दिवशी

बेंगळुरूत नवी मोटार घ्यायला गेलं की शोरूममधला विक्रेता एक छापील तक्ता पुढ्यात ठेवतो. त्यात गाडीच्या किमतीखालोखाल सर्वांत मोठा आकडा असतो ‘एलटीटी’चा. लाइफ टाइम टॅक्स, म्हणजे आजीवन कर. बारा लाखांच्या पेट्रोल गाडीवर तो १७ टक्क्यांनी २ लाख ४ हजार रुपये होतो. त्या करावर पुन्हा ११ टक्के उपकर, म्हणजे आणखी २२,४४० रुपये. एकूण २,२६,४४०. हीच गाडी पुण्यात घेतली तर महाराष्ट्राच्या १२ टक्के दराने मूळ कर १ लाख ४४ हजार होतो. पुणे आणि बेंगळुरू दोन्ही एकाच राष्ट्रीय महामार्ग ४८ वर आहेत. पण गाडीची नोंद या टोकाला झाली की त्या टोकाला, यावर ऐंशी हजारांचं अंतर पडतं.

कर्नाटकातला वाहन कर देशातल्या सर्वांत जड करांपैकी एक आहे, ही तक्रार बेंगळुरूत कुणाच्याही तोंडून ऐकू येते. तक्रार खरी आहे. पण दराचा आकडा हा या अन्यायाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग कर कधी आणि कशाच्या मापाने घेतला जातो यात आहे, आणि त्याकडे आपलं लक्ष कमी जातं. पंधरा वर्षं रस्ता वापरण्याचे पैसे पहिल्या दिवशी, वापर सुरू होण्याआधी, आणि वापराशी संबंध नसलेल्या मापाने वसूल करायचे, हे या कराचं मूळ दुखणं आहे.

हा कर नेहमी असा नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर संस्थानाचा मुलूख, मुंबई प्रांतातले बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार, निजामाच्या हैदराबादचा कन्नड भाग, मद्रासचा काही भाग आणि कूर्ग असं सगळं एकत्र आलं. प्रत्येक तुकड्याचा वाहन कराचा कायदा वेगळा होता. बेळगावात मुंबईचा कायदा चालत होता, तर बेंगळुरूत म्हैसूरचा. ते सगळे गुंडाळून नव्या राज्याने १९५७ साली एकच कायदा केला. आजचा कर्नाटक मोटार वाहन कर कायदा तो हाच. त्यात कर तिमाही, सहामाही किंवा वर्षाचा भरायची सोय होती. कर भरल्याचं कार्ड मिळे. गाडी वर्षभर चालवायची तर वर्षाचा कर, असा सरळ हिशेब होता.

या पद्धतीत त्रासही होता. दरवर्षी आरटीओची खिडकी, रांग, मुदत चुकली की दंड. सरकारलाही लाखो लोकांकडून लहान लहान रकमा गोळा करणं परवडत नव्हतं, आणि बुडवणारे बुडवत होतेच. म्हणून खासगी दुचाक्या आणि मोटारींसाठी एकरकमी कर आला, कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही. गाडी नोंदवतानाच पैसे जमा, थकबाकीचा प्रश्नच मिटला. त्या काळाच्या कागदी कारभारात ही सुधारणाच होती. आज मात्र विजेचं बिल, मालमत्ता कर, विम्याचा हप्ता सगळं फोनवर भरलं जातं. दरवर्षी कर गोळा करणं अवघड आहे, हे कारण आता उरलेलं नाही. तरी पद्धत तीच राहिली, आणि दर मात्र वाढत गेले.

आज कर्नाटकात पाच लाखांपर्यंतच्या मोटारीला १३ टक्के, पाच ते दहा लाखांना १४, दहा ते वीस लाखांना १७ आणि वीस लाखांच्या पुढे १८ टक्के असे दर आहेत. उपकर धरला की वरचा दर वीस टक्क्यांना टेकतो. डिसेंबर २०२४च्या बेळगाव अधिवेशनात वाहतूक कामगारांच्या कल्याण निधीसाठी नव्या मोटारीमागे एक हजार आणि दुचाकीमागे पाचशे रुपये असा आणखी एक उपकर मंजूर झाला. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात वाहन करातून १५ हजार कोटी रुपये मिळवण्याचं उद्दिष्ट राज्याने ठेवलं. तिजोरीला इतका भरवशाचा झरा मिळाला की कोणतंही सरकार तो आपण होऊन आटवत नाही.

या दरांची रचना जरा जवळून पाहू. आयकरात टप्पा ओलांडला तर वाढीव दर फक्त वरच्या रकमेवर लागतो. इथे टप्पा ओलांडला की सगळ्याच किमतीवर नवा दर बसतो. समजा, एकाच मॉडेलचे दोन प्रकार आहेत. एकाची किंमत ९ लाख ९० हजार. दुसऱ्याला छतात सरकणारी काच आणि मोठा स्क्रीन आहे, किंमत १० लाख १० हजार. पहिल्यावर १४ टक्के कर आणि उपकर मिळून १,५३,८४६ रुपये होतात. दुसऱ्यावर १७ टक्क्यांनी १,९०,५८७. किमतीतला फरक वीस हजारांचा आणि करातला फरक जवळपास ३७ हजारांचा. दोन्ही गाड्यांचं इंजिन तेच, टायर तेच, वजनात किरकोळ फरक. रस्त्यावर दोघी सारखीच जागा अडवतात. छतातून आभाळ दिसतं याचा रस्त्याला काय भार?

भाराचीच गोष्ट निघाली आहे तर तीही सांगायला हवी. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून ठरावीक वजनाचे ट्रक सतत फिरवले गेले. त्यातून रस्ते अभियंत्यांना एक ढोबळ नियम मिळाला: रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. आसावरचा भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. या हिशेबात दहा लाखांची मोटार आणि चाळीस लाखांची मोटार यांच्यात फारसा फरक उरत नाही. रस्ता खऱ्या अर्थाने उखडतात ते जड ट्रक, आणि बेंगळुरूत त्यात तुंबलेल्या पाण्याची भर पडते. मोटारी रस्ता झिजवतात त्यापेक्षा अडवतात जास्त. आणि कोण किती अडवतं हे गाडी किती वेळा, कुठे आणि किती वाजता बाहेर काढली जाते त्यावर ठरतं. किमतीवरच्या कराला यातलं काहीच दिसत नाही.

किमतीवर कर लावणं म्हणजे श्रीमंताकडून जास्त घेणं, असं कुणी म्हणेल. तत्त्व म्हणून मला ते मान्य आहे. पण मग दुचाकीचे दर बघा. कर्नाटकात पन्नास हजारांपर्यंतच्या दुचाकीला १० टक्के, एक लाखापर्यंत १२ आणि एक लाखाच्या पुढे १८ टक्के. मोटारीला जो दर वीस लाखांच्या पुढे लागतो, तो दुचाकीला एक लाखापासूनच सुरू होतो. घरोघरी जेवणाची पाकिटं पोचवणारा मुलगा कर्ज काढून १ लाख ५ हजारांची स्कूटर घेतो तेव्हा तो १८,९०० रुपये कर आणि २,०७९ रुपये उपकर भरतो. त्याच्यासाठी ही स्कूटर चैनीची वस्तू नाही, ते त्याच्या पोटापाण्याचं साधन आहे. बेंगळुरूत एक कोटीहून जास्त वाहनं नोंदलेली आहेत आणि त्यांत बहुसंख्य दुचाक्याच. त्यामुळे कर श्रीमंतांच्या मोटारींवर आहे हे चित्र अर्धवट आहे. भरणाऱ्यांमध्ये स्कूटरवाले मोठ्या संख्येने आहेत.

शिवाय हा कर ज्या किमतीवर मोजतात त्या एक्स-शोरूम किमतीत जीएसटी आधीच मिसळलेला असतो. म्हणजे करावर कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारी आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आपल्या १ लाख ५ हजारांच्या स्कूटरची किंमत त्यामुळे, कंपनीने सगळा फायदा गिऱ्हाईकाला दिला तर, ९७ हजारांच्या आत येते. ती एक लाखाच्या खाली आली, म्हणून राज्याचा दरही १८ वरून १२ वर उतरला. दिल्लीत एक निर्णय झाला आणि बेंगळुरूचा कर सात हजारांनी कमी झाला, बेंगळुरूत कुणी काहीही न ठरवता. स्कूटरवाल्याचं भलं झालं याचा आनंदच आहे, पण कर अशा योगायोगावर हलत असेल तर त्याच्यामागे विचार कमी आहे हे उघड आहे.

आता ज्यांना या कराचा सगळ्यांत जास्त ताप होतो त्यांच्याकडे वळू. बेंगळुरू हे बदलीवर येणाऱ्यांचं शहर आहे. मारतहळ्ळी, व्हाइटफील्ड, इलेक्ट्रॉनिक सिटी या भागांतल्या सोसायट्यांच्या तळघरात एमएच-१२ आणि एमएच-१४ च्या पाट्या सहज दिसतात. पुण्याचं किंवा पिंपरी-चिंचवडचं एखादं जोडपं दोन-तीन वर्षांसाठी येतं, सामानाबरोबर ट्रकवर चढवून किंवा स्वतः चालवत गाडी आणतं. त्या गाडीचा पंधरा वर्षांचा कर महाराष्ट्रात भरून झालेला असतो. बारा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर केंद्रीय मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमानुसार इथला नवा नंबर घ्यावा लागतो, आणि नंबर घ्यायचा म्हणजे इथला आजीवन कर पुन्हा भरायचा. तो गाडीच्या वयानुसार कमी होतो, पण कमी म्हणजे किती? दोन वर्षांच्या आतल्या गाडीला पूर्ण कराच्या ९३ टक्के, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ७५ टक्के. बारा लाखांची गाडी साडेचार वर्षांची झाली असेल तर उपकरासह १,६९,८३० रुपये. बाजारात गाडीची किंमत तोवर निम्म्याजवळ आलेली असू शकते, पण कर मोजतात तो नव्या गाडीच्या किमतीवरून.

घर भाड्याने घेताना दहा महिन्यांचं डिपॉझिट मागायची इथली जुनी रीत आहे, आणि नव्याने आलेला मराठी माणूस त्यावर चरफडतो. पण डिपॉझिट निदान घर सोडताना परत मिळतं. कराचा उरलेला भाग मूळ राज्याकडून परत मिळण्याची तरतूद कायद्यात आहे, ती मिळवायची मात्र वाट लांबची आहे. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची ना-हरकत. मग फॉर्म २८ भरून मूळ आरटीओची एनओसी. फॉर्मवर चेसिस नंबरचा ठसा लागतो: बॉनेट उघडून किंवा सीटखालचं आवरण सरकवून, पत्र्यावर कोरलेल्या आकड्यांवर पातळ कागद धरायचा आणि पेन्सिलचं शिसं आडवं घासायचं. सतरा अक्षरं आणि आकडे कागदावर पांढरे उमटले पाहिजेत, एकही पुसट चालत नाही. गाडी बेंगळुरूत आणि एनओसी पुण्याची, त्यामुळे हा ठसा कुरिअरने जातो किंवा एजंट गाठावा लागतो. एनओसी आली की इथे फॉर्म २७, तपासणी, नवा कर, नवी पाटी. नव्या नोंदणीची प्रत हाती आल्यावर परताव्याचा अर्ज पुन्हा पुण्यात. नोकरी करून हे सगळं करणाऱ्याची दमछाक होते. पुष्कळ लोक परतावा सोडून देतात किंवा नव्या नंबरच्या भानगडीतच पडत नाहीत. आधी दीड-पावणेदोन लाख भरा आणि परताव्यासाठी दुसऱ्या राज्यात हेलपाटे घाला, असं सांगणारी व्यवस्था माणसाला कायदा टाळायला शिकवते.

२०१४ साली कर्नाटकाने या जखमेवर मीठ चोळलं. कायद्यात दुरुस्ती करून बाहेरच्या राज्यातली गाडी तीस दिवसांपेक्षा जास्त राहिली की आजीवन कर लागू केला. केंद्राचा कायदा बारा महिने म्हणतो आणि राज्य तीस दिवस, अशी विसंगती तयार झाली. नाक्यानाक्यावर बाहेरच्या पाट्या अडवल्या जाऊ लागल्या. महिनाभराच्या आतच आलोय हे सिद्ध करायला लोक टोलच्या पावत्या आणि पेट्रोलची बिलं डॅशबोर्डच्या खणात जपून ठेवत. याविरुद्ध ‘ड्राइव्ह विदाउट बॉर्डर्स’ या नावाने मोहीम उभी राहिली आणि प्रकरण न्यायालयात गेलं. २०१६ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही तीस दिवसांची दुरुस्ती रद्द केली. बारा महिन्यांची मुदत परत आली. दोनदा कर भरण्याचा मूळ प्रश्न मात्र आहे तिथेच राहिला.

सरकारचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. महाराष्ट्रात वाहन कराला कमाल मर्यादा आहे. ती २० लाख रुपये होती, जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. कर्नाटकात अशी मर्यादाच नाही. सात कोटींच्या गाडीवर इथे दीड कोटीच्या आसपास कर होईल, मुंबईत तीस लाखांत काम भागेल. मग कोट्यधीश गाडी मुंबईत किंवा पुदुच्चेरीत नोंदवतो आणि फिरवतो बेंगळुरूच्या रस्त्यांवर. २०२५ मध्ये बेंगळुरूच्या परिवहन खात्याने अशा महागड्या गाड्यांवर धाडी घातल्या. जुलैमध्ये महाराष्ट्रात नोंदलेल्या एका लाल फेरारीच्या मालकाकडून १ कोटी ४१ लाखांवर कर वसूल झाला. ही वसुली योग्यच होती. ज्या शहरात गाडी वर्षानुवर्षं फिरते त्या राज्याला तिचा कर मिळायलाच हवा. पण फेरारीसाठी विणलेल्या जाळ्यात बदलीवर आलेल्या शिक्षिकेची किंवा अभियंत्याची छोटी मोटार अडकते. फेरारीवाल्याला वकील परवडतो, आणि या शिक्षिकेला नाक्यावर थांबवलं तर तिची सकाळची शाळाच बुडते.

सीमाभागात हा प्रश्न आणखी चमत्कारिक रूप घेतो. निपाणी आणि कागल यांच्यात महामार्गावर थोडंच अंतर आहे. सोयरसंबंध दोन्हीकडे, बाजार कोल्हापूरचा, दवाखाना कधी कोल्हापूरचा तर कधी बेळगावचा. २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने माणसाला आपल्या राज्यातल्या कोणत्याही आरटीओत गाडी नोंदवायची मुभा दिली. म्हणजे निपाणीचा माणूस हवी तर पाचशे किलोमीटरहून जास्त दूर बेंगळुरूत नोंदणी करू शकतो, पण तासाभराच्या वाटेवरच्या कोल्हापुरात नाही. कागलमधल्या मामाच्या दारातल्या गाडीवर एमएच-०९ आणि निपाणीतल्या भाच्याच्या दारातल्या गाडीवर केए-२३. दोघेही रोज तोच रस्ता वापरतात आणि एकाने दुसऱ्यापेक्षा ऐंशी हजार जास्त भरलेले असतात.

देश एक असताना हे असं का? उत्तर राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात आहे. राज्य सूचीतली ५७वी नोंद रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांवर कर लावायचा अधिकार राज्यांना देते. पण ती समवर्ती सूचीतल्या ३५व्या नोंदीला बांधलेली आहे, आणि त्या नोंदीनुसार हा कर कोणत्या तत्त्वांवर घ्यावा हे केंद्राला कायद्याने ठरवता येतं. म्हणजे दर राज्यांचे आणि तत्त्वं सगळ्या देशाला समान, अशी वाट घटनाकारांनी मोकळी ठेवली होती. त्या वाटेने देशभरातल्या सगळ्या वाहनांसाठी समान तत्त्वं आजवर आली नाहीत.

न्यायालयांनी मात्र या कराच्या स्वभावावर पुष्कळ विचार केला आहे. १९६२ साली राजस्थानच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वाहन कराला भरपाईचा कर म्हटलं: रस्ता वापरण्याच्या सोयीबद्दल दिलेला मोबदला. १९७४ च्या बोलानी ओअर्स खटल्यात खाणीच्या आवारातच फिरणाऱ्या गाड्यांना या तर्काने सूट मिळाली. १९८७ मध्ये कर्नाटकाच्याच कायद्याबद्दल न्यायालय म्हणालं की नोंदणी चालू आहे तोवर गाडी वापरात आहे असंच धरलं जाईल, ती दारात उभी असली तरी. २०१६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, आंतरराज्य व्यापाराच्या संदर्भात, भरपाईच्या कराची ती कल्पनाच मोडीत काढली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याच्या आवारात चालणाऱ्या ट्रकांच्या प्रकरणात न्यायालय पुन्हा म्हणालं की सार्वजनिक रस्ता जो वापरतच नाही त्याच्याकडून हा कर मागता येत नाही. साठ वर्षांत निकाल वळणं घेत गेले, तरी वापर आणि कर यांचं नातं पुरतं तुटू द्यायला न्यायालय तयार नाही, असं मला यात दिसतं.

हे नातं भारतात पहिल्यांदा नीट मांडणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. १९२७ साली भारत सरकारने रस्त्यांचा विचार करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ते आपल्याला ठाऊक असतात, विद्यापीठाचं ग्रंथालय त्यांच्याच नावाचं आहे. रस्त्यांचं त्यांचं काम मात्र फारसं कुणाला माहीत नसतं. मोटारी वाढतायत, रस्ते बांधणं प्रांतांच्या आणि लोकल बोर्डांच्या ताकदीबाहेर चाललं आहे, तेव्हा रस्ता वापरणाऱ्यानेच त्यासाठी पैसे द्यावेत आणि ते पैसे रस्त्यासाठी वेगळे ठेवावेत, असं समितीने १९२८ च्या अहवालात सांगितलं. उपाय सुचवला तो पेट्रोलवरच्या जादा कराचा. १९२९ मध्ये त्यातूनच केंद्रीय रस्ता निधी सुरू झाला. पेट्रोलवरचा कर हे वापराचं साधं आणि चोख माप होतं. जो जास्त फिरेल त्याचं पेट्रोल जास्त जळेल आणि तो जास्त देईल. मोजायला मीटर नको, इन्स्पेक्टर नको.

कराचे पैसे रस्त्यासाठीच राखून ठेवणं किती अवघड असतं याचा धडा त्याच सुमारास ब्रिटन शिकत होतं. तिथे वाहनांवरच्या वार्षिक करातून रोड फंड उभा राहिला होता. विन्स्टन चर्चिल अर्थमंत्री असताना १९२६ मध्ये त्यांनी त्यात हात घातला आणि पैसे सर्वसाधारण खर्चाकडे वळवले. पुढे तो कर पूर्णपणे सरकारी तिजोरीत जाऊ लागला. बेंगळुरूकराची तक्रार वेगळी नाही. मूळ आजीवन कर राज्याच्या तिजोरीत जातो. शहरातल्या बहुतेक रस्त्यांचे खड्डे बुजवायचे असतात महापालिकांना. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणमार्गावर २०१० पासून वेगळा टोल आहे, नाइस रोडवरही आहे. पैसे देणाऱ्याला आपल्या पैशाचा माग काढता येत नाही, आणि म्हणून खड्ड्याबद्दल जाब विचारायचा तर कुणाला, हेही कळत नाही.

वार्षिक हप्त्याकडे परतायची एक वाट २०२१ मध्ये उघडली. केंद्राने गाड्यांच्या नंबरांची ‘बीएच’ मालिका आणली आणि सप्टेंबरपासून ती लागू झाली. हिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. दर दहा लाखांपर्यंत ८ टक्के, वीस लाखांपर्यंत १०, त्यापुढे १२. डिझेलला दोन टक्के जास्त, विजेच्या गाडीला दोन कमी. किंमत धरायची ती जीएसटी वगळून. राज्य बदललं तर नंबर बदलायचा नाही, फक्त पुढचा हप्ता नव्या राज्याला. सरकारी नोकर, सैन्यातले लोक आणि चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांना ती मिळू शकते. खासगी नोकराने कंपनीकडून फॉर्म ६० भरून आणायचा. कर्नाटकाने मात्र परिपत्रक काढून खासगी कर्मचाऱ्यांना बाजूला ठेवलं. राज्याची काळजी समजण्यासारखी होती: आयटीच्या शहरात ही दारं सगळ्यांना उघडली तर आजीवन कराला मोठी गळती लागेल. २०२२ च्या अखेरीस उच्च न्यायालयाने खासगी कर्मचाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला.

बीएच मालिका हे मला या सगळ्या गोंधळातलं सर्वांत शहाणं पाऊल वाटतं. फक्त ते चुकीच्या माणसापासून सुरू झालं. मोठ्या कंपनीत नोकरी असेल तर हप्ता, आणि स्वतःचं छोटं दुकान असेल, रोजंदारी असेल, घरोघरी पाकिटं पोचवत असाल तर सगळी रक्कम आजच. ज्याला एकरकमी भरणं सोपं आहे त्याला हप्त्याची सवलत, आणि ज्याला कठीण आहे त्याला कर्ज काढून भरण्याची सक्ती. स्कूटरवाल्याच्या कर्जात हा करही धरलेला असतो, म्हणजे तो राज्याला द्यायच्या करावर फायनान्स कंपनीला व्याज देतो.

आणि आता विजेच्या गाड्या. कर्नाटकाने २०१६ पासून त्यांना आजीवन कर माफ केला होता. २०२४ मध्ये पंचवीस लाखांच्या वरच्या गाड्यांवर १० टक्के कर बसवला. महाराष्ट्रानेही २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के लावायचं ठरवलं आणि महिन्याच्या आत मागे घेतलं. हवा स्वच्छ व्हावी म्हणून सवलत देणं ठीकच होतं. पण वीस लाखांची विजेची मोटार आउटर रिंग रोडवर संध्याकाळी सहा वाजता पेट्रोलच्या मोटारीएवढीच जागा अडवते, आणि २०२५ मध्ये तिच्याकडून रस्त्याला ना आजीवन कर मिळत होता, ना पेट्रोलवरचा. जयकरांचं माप तिथे चालत नाही, कारण तिच्यात पेट्रोलच नाही.

ब्रिटनसमोर हाच प्रश्न आधी उभा राहिला. तिथे मोटारीचा कर आजही वार्षिक आहे, महिन्याच्या हप्त्यानेही भरता येतो. लंडनजवळ राहणाऱ्या मराठी घरांत दरवर्षी त्याचं स्मरणपत्र येतं. एप्रिल २०२५ पासून विजेच्या गाड्यांची माफी संपली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या अर्थसंकल्पात एप्रिल २०२८ पासून विजेच्या मोटारींना मैलामागे तीन पेन्स आकारायची घोषणा झाली. तिथेही वाढीव कराबद्दल कुरकुर आहेच, पण वाद दरवर्षी होतो, आकडा दरवर्षी समोर येतो, आणि गाडी विकली की उरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मिळतात.

बेंगळुरूसाठी किलोमीटरचा हिशेब ही काही परकी कल्पना नाही. बहुतेक मोटारींच्या काचेवर फास्टॅग आहे. विमा वेळोवेळी नव्याने घ्यावाच लागतो, त्याच वेळी मीटरवरचा आकडा नोंदवता येईल. वार्षिक कराचा एक छोटा ठरावीक भाग, एक भाग चाललेल्या किलोमीटरचा, आणि गर्दीच्या रस्त्यावर गर्दीच्या वेळी गेलं तर थोडा जास्त. गाडी कुठे कुठे गेली याची नोंद सरकारच्या हाती न देता फक्त किती चालली एवढंच मोजायचं, अशी अट कायद्यातच घालावी लागेल, कारण ती नंतर कुणी घालत नाही. मीटर मागे फिरवणारे निघतील, त्यांना पकडावं लागेल. आणि सुरुवात दुचाकीपासून नको. तिला तर एक लाखाची ती १८ टक्क्यांची पायरी काढून मोटारीच्या खालच्या दरावर आणावं, एवढं उद्याच्या उद्या करता येण्यासारखं आहे.

आज घरात एकदा मोटार आली की तिचा कर भरून झालेला असतो. मग कोरमंगलाहून एमजी रोडला बसने गेलं काय आणि मोटारीने गेलं काय, कराच्या दृष्टीने सारखंच. उलट इतके पैसे भरलेत तर गाडी वापरावीच, अशी माणसाची समजूत होते. महिन्यातून दोनदा गाडी काढणारे निवृत्त आजोबा आणि रोज साठ किलोमीटर फिरवणारा त्यांचा शेजारी यांनी सारखाच कर भरलेला असतो. किलोमीटरमागे पैसे पडू लागले तर आजोबांचा कर बराच कमी होईल, शेजाऱ्याचा वाढेल, आणि बीएमटीसीच्या बसचं तिकीट दोघांनाही स्वस्त वाटू लागेल. त्या वाढीव पैशातला वाटा थेट शहराच्या रस्त्यांना आणि बसगाड्यांना मिळेल अशी तरतूद राज्याने त्याच कायद्यात करावी, म्हणजे खड्ड्याचा जाब कुणाला विचारायचा हेही ठरेल. राज्यांनी आपले दर आपण ठरवावेत, पण कर वर्षाचा असावा, गाडी ज्या राज्यात राहते त्याला मिळावा आणि एकाच वर्षासाठी दोनदा घेतला जाऊ नये, ही तीन तत्त्वं ३५व्या नोंदीखाली संसदेला एका छोट्या कायद्यात लिहिता येतील. राज्यघटनेला धक्का लावायची त्यासाठी गरज नाही.